वरून वाढलेलं पाणी

मीराबाईच्या नाकावर राग, हे सगळ्या नालवाडीला ठाऊक होतं. त्याच रागापायी तिनं शेजारणीच्या डोक्यात कुकरचं झाकण घातलं आणि आता जामिनाची वाट पाहत जेलात बसली होती. भर मे महिना. बायकांच्या बराकीत प्यायच्या पाण्याचा एकच रांजण, आणि जी ती उठून आपला ग्लास त्यात बोटांसकट बुचकळायची. व्हायचं तेच झालं. एकीमागून एक बायका जुलाबानं आडव्या झाल्या.

डॉक्टर येऊन पाहून गेले. टाकीचं पाणी चांगलं, ते रांजणात हात बुडून नासतं, आणि न्हाणीच्या नळाला बोअरचं खराब पाणी येतं, त्याला तर कुणी तोंडच लावू नका, असं बजावून गेले. लांब दांड्याचं ओगराळं मागितलं, तर ते नियमात बसेना. दांड्यानं डोकं फुटतं म्हणे. मीराबाईकडे पाहून हे खोटं तरी कोण म्हणणार! शेवटी ठरलं, की एकीनंच साबणानं हात धुवून गडव्यानं पाणी काढायचं आणि बाकीच्यांच्या ग्लासात वरून सोडायचं.

जेलर भावना मॅडमनी हे काम सुलोचनाबाईला दिलं, कारण तिचं अंथरूण रांजणाशेजारी होतं. सुलोचनाबाई रोहण्याची, जुन्या शेतकरी घरातली. नवऱ्यानं घरात दारू लपवली, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात धाड पडली तेव्हा सापडली ही.

मीराबाईनं ग्लास पुढे केला.

"दूर धर," सुलोचनाबाई म्हणाली. "गडव्याले लागू देऊ नको."

मीराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आजी गावच्या विहिरीपाशी ओंजळ पसरून उभी राहायची, कुणी वरून पाणी सोडेपर्यंत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून म्हातारीनं ती ओंजळ पुन्हा पसरली नव्हती.

"मी नाई पेत तुह्या हातचं," ती म्हणाली.

"अवं, डॉक्टरनं सांगतलं म्हणून वाढून राह्यली मी."

"दूर धर, हेबी डॉक्टरनंच सांगतलं काय?"

सुलोचनाबाईनं गडवा दुसरीच्या ग्लासाकडे वळवला. मीराबाई तडक न्हाणीत गेली आणि नळाचं पाणी घटाघटा प्यायली.

देवळीची पौर्णिमा सगळं पाहत होती. तिची दोन वर्षांची आचल तिच्यासोबतच जेलात होती. मीराबाईला पौर्णिमा आत्या म्हणायची आणि आत्याचा शब्द खाली पडू द्यायची नाही. तिनंही न्हाणीतलं पाणी घेतलं, स्वतः प्यायली, लेकराला पाजलं.

आचलचे डोळे खोल गेले. रडली तरी आसू येईना. अॅम्ब्युलन्स तिला आणि पौर्णिमाला घेऊन गेली, तेव्हा मीराबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिला स्वतःला काहीच झालं नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना. राग काही खोटा नव्हता हो! पण राग तिचा, आणि भोगत होतं लेकरू.

भावना मॅडम पाहणीला आल्या, तशी ती उठली.

"मॅडम, पाणी वरूनच वाढा. डॉक्टरचं बरोबर हाय. पण रोज एकच हात वर नको. सगळ्याइची पाळी लावा. सुलोचनाबाईनंबी खालून ग्लास धरला पाह्यजे."

मॅडमनी सुलोचनाबाईकडे पाहिलं. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "लावा पाळी," ती हळूच म्हणाली.

पहिला दिवस मीराबाईचा. सुलोचनाबाई रांगेत सगळ्यात शेवटी आली, पण आली. तिनं ग्लास धरला आणि तिथंच उभी राहून प्यायली. मीराबाईला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. तसं फारसं काही वाटलं नाही.

सलाइन घेऊन आचल परतली त्या दिवशी गडवा सुलोचनाबाईच्या हातात होता. लेकरू पाणी-पाणी करत होतं. पौर्णिमा रिकामा ग्लास घेऊन मधेच थांबली आणि आत्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला विचारायची हिंमत होईना आणि पुढे जायचीही.

मीराबाईला सगळं कळलं. ती उठली, सुलोचनाबाईपुढे गेली आणि ग्लास धरला. वरून धार पडू लागली, तशी तिला आजीची ओंजळ आठवली. मीराबाईनं ग्लास तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"घे वं पौर्णिमा," ती म्हणाली. "पाज लेकराले."