भिजत घातलेले शब्द

"आई मारते!" भोपळ्या ओरडला. "ए.एम. म्हणजे आई मारते आणि पी.एम. म्हणजे पप्पा मारतात!"

सतरंजीवर एकच हशा पिकला. चष्मिस तर हसता हसता मागे कलंडली.

"तुझ्या घरचं वेळापत्रक तसं असेलही बाबा," आजोबा डोळे पुसत म्हणाले, "पण घड्याळाचं वेगळं आहे. आन्ते मेरीदिएम. मध्यान्हीच्या आधी. आणि पोस्ट मेरीदिएम म्हणजे मध्यान्हीनंतर. ही लॅटिन भाषा. ती बोलणारी माणसं कधीच गेली, पण तुमच्या मनगटावरच्या घड्याळात अजून बसलीयेत."

"भुतं?" चष्मिसने विचारलं.

"भुतंच म्हण. पण कामाची भुतं."

आतून आजीचा आवाज आला, "जिवंत बायकोशी बोलायला वेळ नाही आणि मेलेल्यांच्या भाषेचे वर्ग चाललेत!"

पोरं पुन्हा खिदळली. दर रविवारी सकाळी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत असंच चालायचं. आसपासच्या इमारतींतली मुलं जमायची, सतरंजी अंथरायची, भिंतीला फळा टेकवायची. आजोबांना सगळे टायपरायटरआजोबा म्हणत, कारण बोलताना त्यांची बोटं गुडघ्यावर टकटक चालत राहायची.

उभी हयात त्यांनी न्यायालयात टायपिस्ट म्हणून काढली होती. न्यायाधीश बोलायचे, यांची बोटं पळायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी थोरल्या टायपिस्टने बजावलं होतं, "शब्द कानाने घ्यायचा आणि बोटाने सोडायचा. कोणाचं घर जातंय, कोण रडतंय, हे मान वर करून बघायचं नाही. बघितलंस की बोट चुकलंच." आजोबांनी ते शब्दशः पाळलं. त्यांच्या टायपिंगमध्ये कधी कोणी खोट काढली नाही, आणि समोरच्या कठड्याशी उभी राहिलेली एकही मुद्रा त्यांना आठवत नव्हती.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना एक हुरहूर लागली. इतके लॅटिन शब्द आपल्या बोटांखालून गेले आणि एकालाही आपण, बाबा रे, तू कोण, असं विचारलं नाही. मग त्यांनी एकेकाचा अर्थ शोधायला घेतला, आणि सापडला की तो सांगायला पोरं गोळा केली. इंग्रजी बोलणारी माणसं 'व्हाइसा व्हर्सा' म्हणतात, म्हणजे उलटपक्षी. 'एटसेटरा' म्हणजे आपलं इत्यादी. 'ॲड हॉक' म्हणजे तेवढ्यापुरतं. अर्थ कळल्यावर पोरांचे डोळे जसे लकाकायचे, तसं आजोबांना आयुष्यात दुसरं काही लकाकताना दिसलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. आठवडाभर कानावर पडलेला शब्द मुलांनी आणायचा. आजोबा तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, पण अर्थ लगेच सांगायचे नाहीत. शब्द भिजत घालायचा. आठवडाभर तो डोक्यात ठेवायचा, कोण कुठे कसा वापरतं ते बघायचं, स्वतः अंदाज बांधायचा. पुढच्या रविवारी शब्द उघडायचा. "कडधान्य भिजलं की आपोआप मोड येतो," ते म्हणायचे. "मी नखाने फोडून दिला तर मोड येईल का?"

सगळ्यांत जास्त शब्द आणायची ती मुंगी. अंगाने एवढीशी, पण सतत काहीतरी ओढून आणणारी, म्हणून मुंगी. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर ती आणि तिची आई राहायची. वडील वारून वर्ष होत आलं होतं. आई इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी नि अभ्रे शिवायची.

मुंगीने मागे 'स्टेटस को' आणला होता. जैसे थे, आहे ते आहे तसंच राहू द्यायचं. त्यानंतर एकदा 'प्रो फॉर्मा' आणला. नावापुरतं, रीत म्हणून. तो उघडला तेव्हा आजोबांनी सोपं उदाहरण दिलं होतं, "पाहुणे निघाले की आपण 'बसा ना अजून' म्हणतो, ते प्रो फॉर्मा." मुंगी तेव्हा हसली नव्हती. "म्हणजे त्याला काही अर्थ नसतो ना?" एवढंच तिने विचारलं होतं. "काहीच नसतो," आजोबा म्हणाले होते.

आज तिची पाळी आली तेव्हा ती उठून थेट फळ्यापाशी गेली.

"इन अब्सेन्शिया," ती म्हणाली. प्रत्येक अक्षर घोकून आणल्यासारखं.

"वा! भारी आणलास गं." आजोबांनी खडूने तो ठळक लिहिला. "आता बघू कोणाला मोड येतो."

"आजोबा, हा आजच उघडा ना."

"नियम म्हणजे नियम."

"थोडा कच्चा असला तरी चालेल."

"कच्चं खाल्लं की पोट दुखतं," भोपळ्या मध्येच बोलला. पोरं हसली. मुंगी फळ्याकडे बघत उभीच राहिली.

"आमच्या दाराला काल एक माणूस टेप लावत होता," ती म्हणाली. "काका त्याला मापं सांगत होते. लांबी, रुंदी, कुलपाची जागा."

"दार बदलायचं असेल," आजोबा म्हणाले. त्यांची बोटं गुडघ्यावर चालतच होती. मान वर केली असती तर त्यांना मुलीचा चेहरा दिसला असता. "बस जागेवर. रविवारी तुझाच शब्द पहिला उघडू."

मुंगी सतरंजीच्या कडेला, कठड्याजवळच्या तिच्या नेहमीच्या जागी जाऊन बसली.

फळा पुसायचा नाही, हाही नियमच होता. त्यामुळे तो शब्द गॅलरीत तसाच राहिला. सोमवारी आजी कपडे वाळत घालताना त्याच्याशी अडखळली. मंगळवारी वारा सुटला, फळा भिंतीवर आपटत राहिला. बुधवारी सकाळी आजी शेंगा सोलत तिथेच बसली होती.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"इन अब्सेन्शिया. मुंगीने आणलाय."

"म्हणजे?"

"एखाद्याच्या गैरहजेरीत. निकालात असायचं. समोरचा आलाच नाही तर त्याच्या मागेच निकाल द्यायचा."

आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आणि ती पोर हे आणते कुठून?"

भोपळ्या घड्याळावरून शब्द आणायचा, चष्मिस औषधाच्या बाटलीवरून. मुंगीला आजोबांनी कधी विचारलंच नव्हतं.

"तिचा काका हल्ली रोज येतो," आजी म्हणाली. "जिन्यात उभा राहून फोनवर वकिलाशी बोलत असतो. पोरीला गोळ्या-चॉकलेटं देतो. वहिनीला म्हणतो, घर तुमच्या नावावर करून देतो, न्यायालयाचं सगळं मी बघतो. तिनेच सांगितलं मला, केवढी हरखली होती."

आहे तसं राहू द्या. ही सही नुसती नावापुरती. तिच्या मागेच निकाल. फळ्यावर निरनिराळ्या रविवारी निरनिराळ्या कोपऱ्यांत आलेले ते तीन शब्द आजोबांच्या डोक्यात एका ओळीत येऊन उभे राहिले, आणि टायपिस्टच्या बोटांना न कळलेलं एका क्षणात सगळं कळलं. त्यांची बोटं थांबली. आजीने इतक्या वर्षांत ती थांबलेली पहिल्यांदा पाहिली.

चपला उलट्यासुलट्या पायात सरकवून ते निघाले.

इस्पितळाची शिवणखोली तळघरात होती. लांबच लांब जिना, वर घरघरणारा पंखा, भिंतीला लावलेले पांढऱ्या चादरींचे ढीग. मुंगीची आई यंत्रावर वाकली होती.

"आजोबा? तुम्ही इथे? मुंगीला काही झालं?"

"मुंगी बरी आहे. बाई, मला एक सांगा. न्यायालयातून काही आलं होतं तुम्हाला?"

"आलं होतं ना. शिपाई आला तेव्हा भावोजी घरातच होते. म्हणाले, वहिनी, इथे सही करा, प्रो फॉर्मा आहे. आणि तो कागद मीच ठेवतो म्हणाले." ती जरा लाजून हसली. "मला आधी भीतीच वाटली होती. पण मुंगी म्हणाली, आई, त्याला काही अर्थ नसतो, आजोबांनी सांगितलंय."

आजोबांनी शेजारचं स्टूल ओढलं आणि ते तिच्यासमोर बसले.

"आणि तारीख?"

"काल होती. मी रजा टाकणार होते, तर भावोजी म्हणाले, कशाला खाडा करता, मी आहे ना. संध्याकाळी येऊन गेले. झालं म्हणाले सगळं." यंत्राचं चाक तिने हाताने थांबवलं. "चहा पिऊन गेले माझ्या हातचा. आजोबा, तुम्ही असं का बघताय?"

त्यांनी सांगितलं. मुलांना सांगायचे तसं सावकाश, साध्या शब्दांत. घर वहिनीच्या नावावर व्हावं म्हणून भावोजी न्यायालयात गेले नसणार. ते वहिनीच्या विरुद्ध गेले असणार. आणि ती आली नाही, म्हणून काल तिच्या मागे ठरलं.

तिने ऐकून घेतलं. मग अर्धवट राहिलेल्या अभ्र्याची शिवण टोकापर्यंत नेली, दाताने दोरा तोडला, अभ्रा नीट घडी करून ढिगावर ठेवला आणि पदर खोचून उठली. "चला," ती म्हणाली.

न्यायालयातल्या ओळखीच्या कारकुनाने फाईल बघून मान हलवली. "काल झालं की हो. समोरच्या बाई आल्याच नाहीत."

"ह्याच त्या बाई," आजोबा म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या इमारतीत त्यांनी पहिल्यांदा कोणाकडे बोट दाखवलं होतं.

त्या दुपारी कपाटावरचा जुना टायपरायटर खाली उतरला. निकाल उघडून पुन्हा ऐकावा, असा अर्ज करता येतो, हे त्यांना पाठ होतं. तो त्यांनी स्वतः टाईप केला. मुंगीची आई समोर बसून सांगत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर ते मान वर करून तिच्याकडे बघत होते. बोटं बऱ्याचदा चुकली. अर्ज दाखल झाला. पण त्याला महिने लागतील म्हणाले, आणि शनिवारी समोरच्या तळमजल्यावर नवं कुलूप लागलं. दाराच्या मापाचं, बरोबर बसणारं.

रविवारी मुंगी आली. दाराबाहेर काढून ठेवलेलं तिच्या आईचं सामान खाली टेम्पोत चढत होतं. मावशीकडे जायचं होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"आजोबा, माझा शब्द पहिला उघडायचाय ना?"

आजोबांनी खडू हातात घेतला. "उघडतो बाळा. मी..."

"थांबा. मला मोड आलाय. मी सांगू?" ती फळ्यापाशी गेली, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि मुलांकडे तोंड करून उभी राहिली, आजोबा उभे राहायचे तशीच. "आपण तिथे नसतो, तेव्हा आपल्याबद्दल जे ठरवतात ते. सोपं उदाहरण, आमचं घर."

कोणी हसलं नाही. भोपळ्याही नाही.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," आजोबा म्हणाले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "नियम चुकीचा होता. माझा. आजपासून शब्द आणला की त्याच दिवशी उघडायचा. आणि आधी सांगायचं, कोण बोललं, कोणाबद्दल बोललं." खालून हॉर्न वाजला. मुंगी जिना उतरून गेली. जाताना तिने हातातला खडू फळ्याच्या कडेला नीट ठेवला.

पुढच्या रविवारी पोरं जमली तेव्हा सतरंजी जरा मोठी वाटत होती. कठड्याजवळ सावली होती, वारा होता. भोपळ्या बराच वेळ चुळबुळत होता.

"आजोबा, मुंगी काही आता येत नाही. तिच्या जागी मी बसू?"

आजोबांनी मान वर केली. आधी भोपळ्याकडे बघितलं, मग त्या कडेकडे.

"तिला विचारू," ते म्हणाले. "ती नसताना नको ठरवायला."

भोपळ्या आपल्या जागी बसला. आजोबांनी खडू उचलला.