साच्यापाशी मारलेली हाक

आमच्या सुनेला मी आधीच बजावलं होतं, की बाई, घरातल्याच माणसाचं काम काढून घेणारं यंत्र करू नकोस, जेवायला अंथरतो त्या चादरीवर भांडणं होतील. पण ऐकेल ती कार्लीगाश कसली! कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात इंजिनिअर आहे. एकदा का डोक्यात काही घुसलं, की समोरची चहाची वाटी निवून गार झाली तरी तिला पत्ता नसतो.

तराज शहराच्या बाहेर आमचा बाटल्यांचा कारखाना. मी शेवटच्या टेबलावर, तयार बाटल्या उजेडासमोर धरून चिरा आणि डाग शोधायला. आमचे हे भट्टीच्या बाजूला, साच्यांना तेल लावायला. अर्धी घडलेली बाटली पुढच्या साच्यात गेली, की मोकळ्या झालेल्या साच्यात ग्राफाइटच्या काळ्या तेलाचा ब्रश फिरवायचा, आणि साचा मिटून वरून काचेचा लाल गोळा पडायच्या आत हात बाहेर घ्यायचा. तेल कमी पडलं तर काच साच्याला चिकटते. जास्त झालं तर बाटली काळी निघते आणि माझ्या टेबलावर येते, मग घरी गेल्यावर मी ह्यांना ऐकवते. सगळं आयुष्य ह्यांनी त्या उघडझापीत काढलं. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, पण दहाही बोटं शाबूत, याचा केवढा तोरा!

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मशीनवर एकाची दोन बोटं गेली. कार्लीगाश त्याला दवाखान्यात बघून आली आणि त्या दिवसापासून तिनं यंत्राच्या हाताचा ध्यास घेतला. मला ती अपा म्हणते आणि सासऱ्यांना अताके. स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अपा, अताकेंना आता कमी दिसतं. ते सांगत नाहीत, पण पायऱ्या चाचपत उतरतात." मला काय ते माहीत नव्हतं? पण मी तिच्यावरच डाफरले, कारण खरं बोललेलं मला सोसवत नाही.

तिचा पहिला हात हवेच्या दाबावर सरळ खाली जायचा आणि सरळ वर यायचा. त्यातून तेल ठिबकलं, साच्यावर भडका उडाला आणि फोरमनच्या भुवया गेल्या. दुसऱ्यात ब्रशच नव्हता, फवारा होता. तो ग्राफाइटनं तुंबला. दोन्ही वेळा ह्यांनी घरी येऊन मटणाचा रस्सा दुप्पट खाल्ला. मनगट कसं फिरवता ते दाखवा, म्हणून ती बिचारी मागे लागली, तर म्हणाले, "मनगट काय कागदावर उतरवायची वस्तू आहे?" आणि पाठ फिरवून बसले. म्हातारपणी माणूस असं वागायला लागला की काय करावं कळत नाही.

मग एक दिवस मी भाकरीसाठी तव्याला फडक्यानं चरबी लावत होते. कार्लीगाश कांदा चिरता चिरता थांबली. म्हणाली, अपा, पुन्हा लावा. लावली. पुन्हा. मी म्हटलं, अगं, भाकरी करायची आहे की तव्याला आंघोळ घालायची आहे? पण तिनं बघितलं होतं, की फडकं तव्याला टेकताना मी हाताला पीळ देते आणि उचलताना तोच पीळ सोडते, म्हणून थेंब पडत नाही. तिनं हाताच्या दांड्यावर तिरपी खाच पाडली, तिच्यात एक खुंटी बसवली. आता हात खाली जाताना ब्रश आपोआप वळायचा आणि वर येताना उलटा फिरायचा. ठिबकणं बंद. ह्यात अर्धं श्रेय माझं आहे हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं.

चाचणी दुपारी ठेवली होती. मीही टेबल सोडून गेले, सुनेचं कौतुक कोण बघणार नाही? साहेब होते, फोरमन होता, आणि आमचे हे आपल्या नेहमीच्या जागी उभे, ब्रश हातात. कशाला हातात, तर म्हणे सवय. साहेबांनी सांगितलं होतं की उद्यापासून हा यंत्राचा हात तुमच्याच ताब्यात, त्याची देखभाल तुम्हीच करायची. ह्यांनी मान हलवली होती, पण तोंड एवढंसं झालं होतं.

हात सुरू झाला. खाली गेला, वळला, वर आला, एक थेंब नाही. साहेबांनी तोंडात बोटं घातली. मी ह्यांच्याकडे बघत होते. साचा उघडला की ह्यांचा खांदा हलायचा. मला वाटलं, जुना माणूस, अंगात ताल मुरलाय. पुन्हा साचा उघडला आणि ह्यांचा हात ब्रशसकट आत गेला. वरून यंत्राचा हात सुटलेला.

थांबवायचं बटण ह्यांच्या बाजूला. कार्लीगाश पलीकडे, मशीनच्या आड. ती ओरडली, "अताके!" आता आमच्या कारखान्यात पांढऱ्या मिश्यांचा जो दिसेल तो अताके. तीन म्हातारे वळले. आमचे हे काही वळले नाहीत. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना.

मग तिनं ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, सगळ्या पुरुषांसमोर, घसा फाडून. सासऱ्याचं नाव! आमच्यात सून ते ओठांवर येऊ देत नाही. ह्यांचं नाव बर्फाच्या वादळावरून ठेवलेलं, म्हणून आमच्या घरी छप्पर उडायची वेळ आली तरी तो शब्द टाळून आम्ही दोघी "पांढरं वारं सुटलंय" म्हणतो. मी स्वतः लग्न झाल्यापासून एकदाही घेतलेलं नव्हतं.

हे दचकून वळले आणि वळताना हात बाहेर आला. ब्रश आत राहिला. त्याचे तुकडे उडाले.

फोरमननं मशीन थांबवलं. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं, आता सासऱ्याला नावानं हाका मारणार वाटतं, असं काहीतरी बोललं. कार्लीगाश ओढणी तोंडावर घेऊन रडत होती. हे कोणाशी न बोलता निघून गेले. मी हसणाऱ्याला जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी मुलगा कामावरून यायचा होता, घरात आम्ही तिघंच. कार्लीगाश आत येईना. दारातच मान खाली घालून वाकली आणि म्हणाली, "अताके, चुकले मी."

ह्यांनी दोन्ही हात चादरीवर ठेवले, पंजे पसरून. एकेक करून दहाही बोटं बघितली.

"कुठं चुकलीस? ये, बस. जेवण निवतंय." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "हात कधी गेला मला कळलंच नाही गं. मी नव्हता घातला. आता तुझा तो लोखंडाचाच हात राहू दे तिथं. मी लांब उभा राहीन, आणि पुन्हा पुढे सरकलो तर नावानंच हाक मार. घरात अताके म्हण."

ती आत येऊन बसली. तिनं त्यांची वाटी भरली.

मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी वाटलं, आईच हाक मारतेय. ती गेली, बरोबरीचे गेले. आता नाव घेणारं कोणी राहिलंच नाही."

"अहो", "ऐकलं का", "पोराचे बाप" एवढ्यावरच मी अख्खा संसार भागवला होता, आणि आज वेळ आली तेव्हा माझ्या घशातून तेवढंसुद्धा निघालं नव्हतं. मी किटली खाली ठेवली. सून समोर बसली होती तरी लाज वाटली नाही.

"बोरानबाय," मी म्हटलं.

आणि ह्यांनी ओ दिली.