भरल्या पोटाचे डास

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पण पिंजरा म्हटल्याबरोबर पोपट-बिपट डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यात आयुष्यभर राहिले ते डास. एका वेळी दोनशे, आणि सगळ्या माद्या, कारण माणसाला चावते ती मादीच.

एका सुताराने माझी चौकट ठोकली. एका शिंप्याने तिच्यावर पांढरी जाळी ताणून बसवली आणि पुढच्या बाजूला कापडाची लांब बाही शिवली. "एका हाताचा सदरा शिवायची वेळ आली बुवा!" असे तो हसत म्हणाल्याचे मला आठवते. त्या बाहीतून माणूस कोपरापर्यंत हात आत घाली. हाताला डास पळवणारे औषध चोळलेले असे. दर अर्ध्या तासाने हात आत, तीन मिनिटे तसाच, मग बाहेर. पहिला डास चावला की घड्याळ बघायचे आणि वहीत वेळ लिहायची. रानात, डोंगरात हिंडणाऱ्यांनी कोणते औषध सोबत न्यावे, ते त्या वहीवरून ठरे.

आमची प्रयोगशाळा दोनच खोल्यांची, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. एका खोलीत एक काका पाण्याच्या तबकांतल्या अळ्यांपासून डास वाढवत. कोणत्याही रोगाचा संसर्ग नसलेले, स्वच्छ डास. काका त्यांना 'लेकी' म्हणत. दुसऱ्या खोलीत एक बाई औषधे तपासत. काका त्यांना मॅडम म्हणत आणि त्यांचा धाकटा भाऊ 'ताई' म्हणे. मीही मनातल्या मनात ताईच म्हणत आलो.

किती औषधे आली आणि गेली! डीट नावाचे रसायन हाताला चिकट लागे, वासही उग्र, पण माझ्या लेकी सहा-सहा तास त्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. सुगंधी तेले तासाभरात माना टाकत. मनगटात घालायचा एक वासाचा पट्टा आला होता. डास त्या पट्ट्यापासून चार बोटांवर बसून निवांत चावले. एक किरकिरणारे यंत्र आले, त्याने डासांऐवजी काकाच खोलीबाहेर पळाले.

तपासणीचे दोन नियम होते. एक, माझ्या छतावर साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवलेला असे, तो आदल्या दिवशी संध्याकाळी काढायचा. म्हणजे डास सकाळी भुकेले असतात. काकांच्या जिवावर यायचे. "लेकींना उपाशी ठेवायचं म्हणजे पाप आहे हो, पण जेवलेली लेक कामाला हात लावत नाही," असे म्हणत ते बोळा काढून नेत. दुसरा नियम असा की औषध लावण्याआधी उघडा हात अर्धा मिनिट आत धरायचा. दहा डास तरी बसले पाहिजेत. नाही बसले तर त्या दिवशी तपासणी नाही.

ताईंचा भाऊ वाटाड्या होता. प्रवाशांना जंगलातून डोंगरापलीकडे नेऊन परत आणणे हे त्याचे काम. पायाला चाकेच जणू. आमचा जिना तो दोन-दोन पायऱ्या गाळत चढे. एकदा आला तो तक्रार घेऊनच.

"ताई, तुझं हे डीट डासांना पळवतं, कबूल. पण माझ्या घड्याळाचा पट्टा वितळवला त्यानं! दुसरं काही दे ना."

"पानांचं एक तेल आलंय तपासायला. पण अजून झालं नाही."

"मग उद्या कर. परवा पहाटे निघतोय मी, आठ दिवसांसाठी. तू सांगितलंस की माझ्यासाठी विषय संपला."

काका त्या दिवसापासून दोन दिवस रजेवर होते. जाताना बजावून गेले होते, "मॅडम, बोळा आठवणीनं काढा." ताईंनी मान हलवली होती. पण संध्याकाळी एकामागून एक फोन आले आणि ताई दिवे मालवून घरी गेल्या. बोळा माझ्या छतावर तसाच राहिला. माझे डास संध्याकाळी जेवले आणि सकाळी उठून पुन्हा जेवले.

सकाळी ताई घाईत आल्या. उघडा हात आत घालण्यासाठी त्यांनी बाहीची गाठ सोडली आणि मग थांबल्या. "माझाच हात, माझेच डास. रोज बसतात, आज काय नाही बसणार?" असे पुटपुटत त्यांनी सरळ तेल चोळले.

मित्रांनो, माझा जीव तीळतीळ तुटत होता. डास कोपऱ्यांत सुस्त बसले होते. त्यांना तेलाचा तिटकारा नव्हता, भूकच नव्हती. ताईंनी आठ वेळा हात घातला. एकही डास उठला नाही. त्यांचा चेहरा खुलला. वहीत त्यांनी लिहिले, चार तास. दुपारी भाऊ येऊन तेलाची बाटली घेऊन गेला आणि डीटची बाटली टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी मला उचलले आणि ते तिथेच थबकले.

"मॅडम, मी ठेवलेलाच बोळा अजून इथं आहे?"

ताईंनी भावाला फोन लावला. तो लागला नाही. पुन्हा लावला, दहा वेळा लावला. भाऊ जंगलात शिरला होता. पुढच्या दिवशी त्यांनी भुकेल्या डासांवर तेच तेल तपासले. अर्धा तासच टिकले. वहीतला जुना आकडा त्यांनी खोडला नाही, खाली नवा लिहिला आणि 'चूक माझी' असे लिहून सही केली. निरोपावर निरोप पाठवले. एकही पोहोचला नाही.

भाऊ परतला तो तापाने फणफणलेला. डासांपासून होणारा तो ताप उतरला, पण त्याने सांधे धरले. तीन महिन्यांनी तो आमच्याकडे आला तेव्हा जिन्यावरची त्याची पावले आम्ही तिघेही ऐकत होतो. एक पायरी, मग थांबणे. मग दुसरी. काकांनी खुर्ची पुढे सरकवली.

ताई त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी नियम मोडला रे. मी उघडा हात घालून बघितलाच नाही. मला शिव्या दे."

तो बसून गुडघे चोळू लागला. मग म्हणाला, "ताई, दुसऱ्याच दिवशी चावायला लागले होते. तासाभरातच. डीट मागितलं असतं तर बरोबरच्या कुणीही दिलं असतं."

"मग मागितलं का नाहीस?"

"तू चार तास म्हणाली होतीस ना. मला वाटलं, मीच तेल कमी चोळलं असेल. मी घड्याळ बघत बसलो."

ताई ओंजळीत तोंड लपवून रडल्या. भाऊ आता नकाशे विकणाऱ्या दुकानात बसून काम करतो. ज्या वाटा तो चालायचा, त्या इतरांना कागदावर बोटाने दाखवतो.

माझी जाळी नंतर विरली. नवी पारदर्शक पेटी आली आणि मी कपाटावर गेलो. त्याचे मला काही वाटत नाही. वस्तू जुन्या व्हायच्याच. मला सलते ते निराळेच. माझ्या पोटातले डास भरल्या पोटाचे आहेत हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

म्हणून आज तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तपासण्याचे काम हाती घ्याल तेव्हा उघड्या हाताची ती अर्ध्या मिनिटाची पायरी गाळू नका, रोजचीच असली तरी. आणि रानात जाल तेव्हा औषध नीट लावा, पण डास चावू लागला तर बाटलीवरच्या आकड्यापेक्षा आपल्या कातडीचे ऐका. कोणत्याही ताईने सांगितलेले असले तरी.