काटेमहाराजांचा काटा

काटा फिरला आणि लोकरीच्या शेडमधल्या चाळीस बायकांनी एकदम श्वास रोखला.

कुणी हात लावला नव्हता. वारा येऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या. काटेमहाराजांच्या तळहातावर पितळी ताटली होती. ताटलीत मेणाची गोळी आणि गोळीत केसासारखा बारीक, काळा काटा, वरचं टोक बोटासारखं वाकलेलं. महाराजांनी त्यावर मंतरलेल्या पाण्याचे दोन थेंब सोडले, तसं ते टोक गोल बसलेल्या बायकांच्या तोंडांवरून सावकाश सरकू लागलं.

"जळणारं काळीज हा काटा हुंगतो!" महाराज गरजले. "सात डोंगर ओलांडून आणलाय. या पोरीच्या सुजलेल्या बोटाला जिची नजर लागली, तिनं आत्ताच कबूल व्हावं. मागाहून वाचा बसली तर मला सांगू नका!"

वाचा बसलेली माणसं सांगणार तरी कशी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

थोरली जाऊ पदर ओढून मागे सरकली. कारण जळत होती ती.

अठरा वर्षं ती या शेडमध्ये मेंढ्यांच्या लोकरीतली कुसळं वेचत होती. धाकट्या जावेला इथे तिनंच आणलं. धाकटीनं दोन वर्षं कुसळं वेचली आणि तीन महिन्यांपूर्वी ती थेट प्रतवारीच्या टेबलावर जाऊन बसली. लोकरीची बट चिमटीत धरून, डोळे मिटून सांगायची, ही बारीक, ही भरड. मुकादम म्हणायचा, "बोटं आहेत का जादू!" ते ऐकून थोरली घरी भांडी आपटायची. एकदा तर तिच्या मनात आलं होतं, मोडो मेलं हिचं ते बोट.

आणि गेल्या पंधरवड्यात तेच बोट टम्म सुजलं. बोट गेलं की टेबल गेलं.

काटा थोरलीसमोर आला. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पुढे सरकून झाडूवालीसमोर थांबला होता.

"मी? मी काय केलं हो?" झाडूवाली म्हणाली. ती एकटी राहायची, फारसं बोलायची नाही.

"तरीच!" कुणीतरी म्हणालं. "हसत नाही कधी मेली!"

"हिला आजच बाहेर काढा," महाराज म्हणाले. "बोटाला सात दिवस माझा लेप. डॉक्टरकडे जायचं नाही. काटा रुसतो."

"संध्याकाळच्या आत चालती हो," मुकादमानं हुकूम सोडला.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. सुटले! पण झाडूवाली कोपऱ्यातली आपली पिशवी उचलायला निघाली, तेव्हा थोरलीला राहवेना. सुटले कशी मी?

"थांब गं!" ती उठली. "महाराज, तुमचा काटा चुकला."

"काटा चुकत नसतो, बाई!"

"चुकला. जळत होते मी. माझ्या जावेचं बोट मोडो, असंसुद्धा मनात आणलंय मी. काटा माझ्या नाकासमोरून गेला आणि त्याला वास आला नाही? सर्दी झालीय का त्याला?"

"जाऊबाई!" धाकटी ओरडली.

"जळणाऱ्या कधी कधी दोघी असतात," महाराज घाईघाईनं ताटली गुंडाळायला लागले.

"मग पुन्हा फिरवा. आम्ही सगळ्या त्या कोपऱ्यात जातो. बघू कुठे थांबतो."

अंगणातल्या मेंढ्यांना लस टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या पुढे आल्या. "आणि ताटली जमिनीवर ठेवा. हातात नको."

त्यांनी काटा वाळू दिला आणि मग स्वतःच्या बाटलीतलं साधं पाणी त्यावर सोडलं. काटा फिरला, आणखी फिरला आणि लोकरीच्या गठ्ठ्याकडे टोक करून थांबला.

"अगंबाई, गठ्ठा जळतोय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी शेड हसली.

डॉक्टरीणबाईंनी काटा उपटून थोरलीच्या चिमटीत दिला. "डोळे मिटून सांगा, काय आहे?"

अठरा वर्षांच्या बोटांना क्षणही लागला नाही. "कुसळ!" ती ओशाळली. "काजळी फासलेलं कुसळ! रोज टोपलीभर फेकतो की आम्ही!"

"लोकरीत असतं तेव्हा कचरा, ताटलीत ठेवलं की चमत्कार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माळावरच्या कुसळी गवताचं आहे हे. ते गवत उन्हाळ्यात वरून वाळतं, पण बुंधा जिवंत राहतो आणि दरवर्षी नव्यानं फुटतो. त्याच्या बीला ही शेपटी असते, दोरीसारखी पिळलेली. भिजली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. टोकाशी उलटे केस असतात, म्हणून आत गेलेलं मागे येत नाही. टोक कुणासमोर आणायचं, ते महाराजांचा अंगठा ठरवत होता. ताटली हळूच वळत होती. आणि जिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही अशी बाई कोण, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं असणार."

"मलाच विचारलं होतं," मुकादम खाली बघत पुटपुटला.

थोरलीनं धाकटीचा हात धरला. "म्हणजे हिच्या बोटातसुद्धा..."

"मी जनावरांची डॉक्टर. मेंढ्यांच्या कातडीतून असली कुसळं रोज काढते. हिला आत्ता दवाखान्यात न्या."

महाराज दाराकडे सरकत होते. पण दारात झाडूवाली झाडू आडवा धरून उभी होती. "पोलीस येईपर्यंत बसा," ती म्हणाली. मग मुकादमाकडे वळली, "आणि तुम्ही आधी माफी मागा. मग बघते राहायचं का जायचं." मुकादमानं सगळ्यांदेखत हात जोडले.

दवाखान्यात बोटातून गव्हाच्या दाण्याहून लहान, टोकदार बी निघालं. सात दिवस लेपाखाली ठेवलं असतं तर बोट काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टी बांधून झाल्यावर धाकटीनं हळूच विचारलं, "खरंच जळत होता माझ्यावर?"

"होते. उद्याही जळेन थोडी. लगेच कुठलं जातंय! पण ते माझं दुखणं, माझ्यापाशी. ते उडून तुझ्या बोटात शिरत नाही. शिरलं ते कुसळ."

बाळांनो, मत्सर वाईटच. पण त्यानं कुणाचं बोट सुजत नाही आणि कुठलाही काटा तो हुंगत नाही. माळावर गेलात तर एक कुसळ आणा, मेणात खोचा, दोन थेंब पाणी सोडा आणि स्वतः बघा. आणि काही आपोआप फिरताना दिसलं, तर हात जोडण्याआधी विचारा, हे फिरतं कशानं? उत्तर मिळेपर्यंत कुणालाही बाहेर काढू नका.