आवळीखालची मच्छरदाणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. सध्या मुक्काम पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. गोळ्या काही बोलत नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलते.

बेंगळुरात पिराजी शिंप्याने मला शिवले. "डास काय, वारासुद्धा विचारून आत जाईल!" तो म्हणाला आणि मी फुगले. कचेरीत नोकरी करणाऱ्या बिंदुमाधवांच्या घरी चार वर्षे मी एकही डास आत सोडला नाही.

१९५८ सालच्या कार्तिकात घरचे सगळे आवळीभोजनाला देवनहळ्ळीजवळच्या बागेत गेले. बिंदुमाधवांची आठ वर्षांची विमला आदल्या वर्षी हिवतापातून कशीबशी उठली होती. म्हणून मला आवळीच्या फांदीला बांधले, तिला आत बसवले आणि माझ्या कडा चटईखाली खोचल्या. बाहेर मुले लपंडाव खेळत होती.

तेवढ्यात गुणगुण ऐकू आली. घाईत मला कुणी झटकलेच नव्हते. डास आतच होते, चांगले पाच-सहा! त्यांना बाहेर जाता येईना, विमलेला तर बाहेर यायची मुभाच नव्हती. कुंपणानेच शेत खाल्ले.

"अण्णा, आत डास आहेत!" विमला ओरडली.

"खेळायला जायची नाटकं नकोत. गप बैस स्वल्प, थोडा वेळ," बिंदुमाधव म्हणाले.

ती रडू लागली, दंड खाजवू लागली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पण गाठ सोडायला मला हात कुठले?

बिंदुमाधवांची थोरली बहीण कृष्णाबाई सोवळ्यात नैवेद्य रांधत होती. तिने कुणाला शिवायचे नाही, तिला कुणी शिवायचे नाही. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने विमलेच्या दंडावरच्या गांधी पाहिल्या, पळी ठेवली आणि सरळ येऊन मला वर उचलून पोरीला बाहेर ओढले.

"अक्का, मडी मोडलीस, सोवळं गेलं! आता सगळा स्वयंपाक परत?"

"सरी, बरं, परत करीन. विहीर आहे, लाकडं आहेत. पोर ओरडतेय, तुला कान नाहीत?"

विमलेला धुराजवळ बसवून ती पुन्हा न्हायला गेली. बिंदुमाधव लेकीला वारा घालत राहिले. जेवायला चार वाजले.

पुढचे पंधरा दिवस मी धास्तीत काढले. ताप आला नाही. विमला मात्र पुन्हा माझ्याखाली झोपली नाही, म्हणून ही ट्रंक.

मित्रांनो, मच्छरदाणी बांधण्याआधी झटका, कोपरे बघा. आणि आतून कुणी ओरडले, तर ऐका. माझ्या भोकांतून डास जात नाही, पण आवाज जातो. त्या दिवशी तो सगळ्यांपर्यंत पोचला होता.