डाव्या कुशीचे ठिगळ

मित्रांनो, मी एका घरी बांधलेल्या छोट्या गाडीची चासी आहे. गाडी म्हटले की तुम्हाला रंग दिसतो, हॉर्न ऐकू येतो. मी त्या सगळ्याच्या खाली असते. दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, एवढीच मी. आडव्या पडलेल्या शिडीसारखी. माझ्या डाव्या कुशीला एक ठिगळ आहे. ते पाहायला कोणी वाकले की मला अजूनही लाज वाटते.

मला तृप्तीने बांधले. नाशिकजवळ मखमलाबादला तिच्या आईचा, भागुबाईंचा, झेंडूचा मळा आहे. भागुबाईंचे गुडघे गेले आणि घरापासून मळ्यापर्यंतची वाट त्यांना जड झाली. ओट्यावर बसून त्या दुरून मळा पाहत राहत. तृप्ती अंबडच्या कारखान्यात कामाला जाते. सुटीच्या दिवशी ती शेडमध्ये मला जोडू लागली. आईला पाय फार न उचलता बसता यावे म्हणून तिने मला जमिनीलगत ठेवले. इंजिन एका जुन्या स्कूटरचे बसवले. वेल्डिंगचा प्रत्येक टाका ती ठोकून पाही आणि मनासारखा नसला तर घासून पुन्हा घाली.

गाडी हाती देताना तिने एकच गोष्ट बजावली. "आई, हिच्या पट्टीला कुठंच भोक पाडू नको. काही अडकवायचं असलं तर मला सांग."

"नाय पाडत," भागुबाई म्हणाल्या.

त्या रोज मला घेऊन मळ्यात जाऊ लागल्या. येताना मागे फुलांचे क्रेट असत. तोडणीच्या बायका हातातले काम सोडून आम्हाला बघत. एकीने म्हटलेसुद्धा, "भागुबाई, तुमची लेक लाखात एक." भागुबाई फुलल्या. खरे सांगायचे तर मीही फुलले. पण त्याच दिवशी त्यांच्या मनात नजरेची भीती शिरली.

शेजारचा मल्हारी आमची फुले टेम्पोतून बाजारात नेतो. तो म्हणाला, "काकू, एवढी नवी गाडी आन् काळी बाहुली नाय? लोकांची नजर लय वाईट."

"बांध की मग."

"बांधलेली निसटती. भोक पाडून बोल्टनं बसवतो."

भागुबाई क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "बसव. पण तृप्तीला नको सांगू. हसंल ती मला."

त्याने ड्रिल लावले ते माझ्या डाव्या पट्टीच्या बरोबर मधोमध, खालच्या काठाला. तृप्तीला सहज दिसू नये अशी बाहुली खाली लोंबू लागली. भोकाच्या कडेला केसाएवढी भेग पडली आणि क्रेटच्या प्रत्येक खेपेला ती थोडी थोडी वर सरकू लागली. मी कुरकुरू लागले. लोखंडाला तेवढीच भाषा येते. भागुबाई ते ऐकून समाधानाने म्हणत, "इडापिडा चालली बघ कुरकुरत."

दसऱ्याच्या तोडणीला मी नेहमीएवढेच क्रेट घेऊन बांधावरून निघाले होते. एका खड्ड्यात चाक आपटले आणि माझी डावी पट्टी फाटली. मी मधोमध दुमडले. भागुबाई कलंडल्या आणि त्यांच्या अंगावर झेंडूचा ढीग आला. कोपर खरचटण्यावर निभावले. पण जिच्यासाठी मला बांधले तिलाच मी पाडले होते.

मल्हारीने त्यांना उठवून बसवले. काही मोडले नाही हे पाहिल्यावर त्याला कंठ फुटला. "पोरीचं इंजिनिअरिंग झेंडूत झोपलं की. काकू, घाला भंगारात. तुम्ही आपल्या ओट्यावरच बऱ्या."

तोडणीसाठी तृप्ती त्या दिवशी सुटी काढून मळ्यात आली होती. ती धावत आली, मातीत आडवी होऊन तिने माझ्या डाव्या कुशीखाली डोके घातले. तिचे बोट फाटलेल्या कडेवरून भोकापर्यंत गेले, बाहुलीपाशी थांबले. बाहेर आली तेव्हा सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"माझाच टाका कच्चा राहिला," ती म्हणाली.

मित्रांनो, मोडल्याची लाज त्या वाक्यापुढे काहीच नव्हती. माझा एकही टाका सुटला नव्हता.

भागुबाई खाली मान घालून पदराची फुले झटकत राहिल्या. मग मान न उचलताच म्हणाल्या, "टाका पक्का व्हता. भोक मी पाडायला लावलं. नाय म्हणली व्हतीस तू."

मल्हारी टेम्पोच्या टायरमध्ये हवा आहे का ते बघू लागला.

तृप्ती आईशेजारी बसली. "नाही म्हटलं, पण का नाही ते कुठं सांगितलं मी?" जेवणाच्या टोपलीतून तिने काकडी काढली, दोन टोके धरली आणि अंगठ्यांनी मध्ये खाली दाबली. काकडी खालून फाटली. "ओझं आलं की खालची कड अशी ताणली जाते. भोक तिथंच पडलं होतं."

"आन् मी त्या कुरकुरीला इडापिडा समजले," भागुबाई म्हणाल्या. त्यांनी काकडीचा एक तुकडा लेकीला दिला. दुसरा मल्हारीपुढे धरला. "खा. तुझ्याबी कामाची हाय."

तृप्तीने फाटका भाग कापून तिथे नवा तुकडा जोडला, वर पत्रा चढवला. बाहुली आता सीटच्या दांड्याला दोऱ्याने बांधली आहे.

तुमच्या घरची सायकल, पंखा, झोपाळा कधी कुरकुरला तर त्याला गप्प करण्याआधी एकदा खाली वाकून बघा, मित्रांनो. आम्हाला दुसऱ्यांदा सांगता येईलच असे नाही.

भागुबाई रोज गाडीत बसण्याआधी, गुडघे परवानगी देतील तेवढ्या वाकतात आणि माझ्या खालच्या काठावरून बोटे फिरवतात. ठिगळापाशी त्यांचा हात जरा थबकतो. त्यांनाही तिथे लाज वाटते, हे मला कळते. मग आम्ही दोघी मळ्याकडे निघतो.