सव्वासहा किलो

"तीन दिवसांच्या कपड्यांचंसुद्धा वजन करायचं म्हणजे कमाल आहे. आपण डोंगरावर चाललोय की पार्सलने जातोय?"

माझ्या बरोबर खाली उभ्या राहून नर्सबाई पुटपुटल्या. त्यांना वाटलं कुणी ऐकलं नाही. पण व्हरांड्याच्या तुळईला मी टांगलेलो असतो, आणि माझ्या खाली उभं राहून माणसं फार मोकळेपणाने बोलतात. तक्रार करता करता त्यांनी आपली बॅग माझ्या हुकात अडकवलीच, आणि सुई दहावर थांबली तेव्हा त्या हळूच हसल्यासुद्धा. उद्या निघायचं म्हटल्यावर तक्रारीलाही पंख फुटतात.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो नव्हे, तो माझा नाजूक पुतण्या. मी हातभर लांब, पितळी तोंडाचा, पंचवीस किलो पेलणारा. वर कडी, खाली हूक, पोटात स्प्रिंग. एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या जाड चष्म्याच्या कारागिराने मला आधी पाच किलोचं वजन लावलं, मग दहाचं, मग वीसचं. प्रत्येक वेळी वजन काढल्यावर सुई शून्यावर परत येते का, हे त्याने नाक लावून पाहिलं. आली. तेव्हा त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि माझी रवानगी एका पार्सल ऑफिसात झाली.

तिथे मला आत्या भेटली. तेव्हा ती कुणाचीच आत्या नव्हती. दोन वेण्यांची, किडकिडीत मुलगी, पार्सलं बांधायच्या कामावर नवीनच लागलेली. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांसमोर काढली. काचेची भांडी असोत की शिवणयंत्राचे भाग, तिने बांधलेलं खोकं कधी फुटून परत आलं नाही. बांधून झालं की ती खोकं कानाशी धरून हलवायची. आत जरा काही वाजलं की दोरी सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधणार. बाकीचे तिला हसायचे, आणि स्वतःच्या घरच्या वस्तू पाठवायच्या असल्या की गुपचूप तिच्याकडेच आणून द्यायचे.

मग एके दिवशी लाल आकडे चमकवणारं यंत्र आलं. मला उतरवून पार्सलांच्या तुटक्या सीलांच्या पेटीत टाकलं. दोन वर्षं मी तिथे पडून होतो. एका कोळ्याने माझ्या हुकात प्रशस्त घर बांधलं होतं. पुढे ती शाखाच बंद झाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी आत्याला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. ती म्हणाली, घड्याळ राहू द्या, पेटीतला काटा द्या. साहेबांना वाटलं बाई थट्टा करतेय. तिने मला घरी आणलं ते मांडीवर ठेवून, बसमधून.

घरी तिचा धाकटा भाऊ होता. तो वायरमन. त्याची बायको इस्पितळात नर्स, म्हणजे मघाच्या तक्रारखोर नर्सबाई. आणि त्यांची मुलगी टिटवी. हे तिचं खरं नाव नव्हे, पण उठल्यापासून झोपेपर्यंत तिची टिवटिव चालते, म्हणून सगळे टिटवीच म्हणतात. नोकरी सुटल्यावर हातात वेळ आला, तेव्हा आत्याने घरच्यांना पहिल्यांदा डोंगरावर नेलं. तंबू मागून आणलेला, बॅगा शाळेच्या. परत आली ती पार बदलून. म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान बांधून लांब लांब पाठवलं, आता माझं मी बांधणार आणि सोबत मीही जाणार.

तेव्हापासून दरवर्षी आमच्या घरी हा सोहळा असतो. निघायच्या आदल्या दुपारी व्हरांड्यात मोठी चादर पसरतात. सगळं सामान आधी चादरीवर मांडायचं, बॅगेत एकदम काही भरायचं नाही. मग आत्या चादरीभोवती फेऱ्या मारते आणि एकेक वस्तू पायाने बाजूला सारते. "हे कशाला? आणि हे? आरसा? तिथे तुला कोण बघणार आहे, माकडं?"

यंदा टिटवी पहिल्यांदा स्वतःची बॅग स्वतः उचलणार होती. त्यामुळे ती जमिनीवर उभीच राहत नव्हती, सारखी उड्या मारत होती. आत्याने तिला समोर बसवून शिकवलं, आणि वरून मीही पुन्हा एकदा शिकलो. स्लीपिंग बॅग सर्वांत खाली. तिची घडी घालायची नाही, मुठी मुठीने कोंबायची, म्हणजे ती कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसते आणि दर वेळी एकाच रेघेवर मोडत नाही. जड वस्तू पाठीला चिकटून, बॅगेच्या मधोमध. शिधा तिथे, भांडं तिथे, आणि भांड्याच्या पोटात मोजे, कारण रिकामं भांडं नेणं म्हणजे हवा नेणं. हलकं सामान बाहेरच्या अंगाला. रेनकोट सगळ्यात वर, कारण आभाळ विचारून फुटत नाही. तंबूच्या खुंट्या वेगळ्या जाड फडक्यात गुंडाळून, नाहीतर तंबूच्या कापडालाच भोकं. चुलीच्या इंधनाचा डबा घट्ट झाकून, उभा, शिध्यापासून लांब. बाहेर काही लटकवायचं नाही. टिटवीला तिचा कप बाहेर लटकवायचा होता, आत्या म्हणाली की तिला भांड्याचं दुकान काढायचं असेल तर खुशाल लटकवावा.

आणि शेवटी बॅग कानाशी धरून हलवायची. टिटवीच्या बॅगेत काहीतरी खुळखुळलं. पुन्हा सगळं बाहेर. टिटवीने तीनदा बॅग भरली. तिसऱ्या वेळी आतून आवाज आला नाही, तेव्हा तिने मारलेल्या किंकाळीने माझी सुई हलली.

मग उचलायचं कसं, हे दाखवायची पाळी आली. आधी एक गुडघा वाकवून बॅग मांडीवर घ्यायची, मग एक खांदा, मग दुसरा. कमरेचा पट्टा आवळायचा, म्हणजे ओझं खांद्यावर न राहता कमरेच्या हाडावर बसतं. हे एवढं मात्र आत्याने तोंडाने सांगितलं, करून दाखवलं वायरमनने. कुणी का म्हणून विचारलं नाही.

कारण मागच्या वर्षीची गोष्ट सगळ्यांना आठवत होती. परत आल्यावर टिटवीनेच ती माझ्याखाली उभी राहून तिच्या मैत्रिणीला सांगितली होती. शेवटच्या चढावर आत्या एका दगडावर बसली ती अर्धा तास उठली नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, दृश्य बघतेय. दृश्य तिच्या पाठीमागे होतं. वायरमन, नर्सबाई, टिटवी, तिघेही मग तिच्या शेजारी बसून दगडांची भिंत बघत राहिले. घरी आल्यावर आपसात मात्र या विषयाला कुणी हात लावला नाही. बोललं तर आत्या घरी राहील, आणि आत्या घरी राहिली तर ती चादर पुन्हा कधी पसरायची नाही, अशी प्रत्येकाला धास्ती.

पण मला त्याहून जास्त ठाऊक होतं. गेला महिनाभर, घरातले कामाला आणि शाळेला गेले की आत्या माझ्याकडे यायची. बॅगेत विटा भरून ती माझ्या हुकाला टांगायची, वजन बघायची आणि पाठीला लावून समोरचा गच्चीचा जिना चढायची. अकरा किलोला ती चौथ्या पायरीवरून परत आली. नऊला अर्ध्या जिन्यावरून. मग दर खेपेला विटेचा एखादा तुकडा कमी. सात किलोला वळणावर कठडा धरून उभी राहिली, किती तरी वेळ. सव्वासहाला गच्चीत पोचली. खाली आल्यावर तिने माझ्या पितळी तोंडावरची धूळ पदराने पुसली आणि विटा परत ठेवल्या.

आदल्या दुपारच्या वजनात वायरमनचे चौदा भरले, नर्सबाईंचे दहा, टिटवीचे पाच, आणि आत्याचे साडेनऊ. तंबू, चूल, भांडं आणि तिच्या वाटचा शिधा नेहमीप्रमाणे तिच्याकडेच होतं, त्याला ती कुणाला हात लावू देत नाही. तिने चारही आकडे दाराशेजारी खडूने लिहिले. बॅगा भिंतीला टेकवून उभ्या केल्या. आणि चहा झाल्यावर माझ्याखाली जी वर्दळ सुरू झाली, ती काय सांगू!

पहिली आत्या आली. तिने आपल्या बॅगेतून जाड कोट काढला, अंथरायची वळकटी काढली, लोकरीची चादर काढली, आणि तिन्ही चपलांच्या कपाटामागे सरकवली. बॅग मला टांगली. सव्वासहा. मित्रांनो, वर रात्री पाणी गोठायला येतं, हे तिनेच सगळ्यांना दहा वेळा सांगितलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त वजन दाखवता येतं.

ती आत गेली आणि वायरमन आला, दिव्याचं बटण तपासायला. बटण धडधाकट होतं. त्याने आत्याच्या बॅगेतून तंबू काढून आपल्या बॅगेत दडपला आणि तिथे दिव्याच्या माळेचा रिकामा खोका ठेवला, म्हणजे बॅग फुगलेली दिसावी. मग नर्सबाई आल्या. त्यांनी चूल आणि भांडं उचललं, जागी उशी कोंबली. शेवटी चवड्यांवर चालत टिटवी आली. शिध्याची पिशवी तिने स्वतःच्या बॅगेत घातली, आणि आत्याच्या बॅगेत दोन फुगवलेले फुगे. जाताना माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

तिघांपैकी कुणालाच बाकीच्या दोघांचं ठाऊक नव्हतं. आणि चौघांनाही वाटत होतं, आपण फार हुशार.

सकाळी सगळे तांबडं फुटायच्या आत तयार. साडेसहाची बस होती. टिटवी बूट घालूनच झोपली होती की काय कोण जाणे. निघण्याआधी शेवटचं वजन हा आत्याचा नियम. मात्र या वेळी तीच म्हणाली, माझं काल झालंय, तुमची तेवढी टांगा. तिघांनीही एका सुरात हो हो म्हटलं, जरा जास्तच घाईने.

वायरमनची बॅग लागली. सव्वासोळा.

आत्याने भिंतीवरच्या चौदाकडे पाहिलं. मग नर्सबाईंची टांगली, अकरा. टिटवीची, सहा. आत्या माझ्या जवळ आली आणि तिने माझ्या पोटावर बोटाने टकटक केलं.

वायरमनला निसटायला वाट मिळाली. "बिघडलाय गं ताई तो. जुना झाला. मोडीत काढू, नवीन आणू आपण."

"स्प्रिंग थकली असेल," नर्सबाई म्हणाल्या. "वय झालं की व्हायचंच असं." आणि लगेच त्यांनी जीभ चावली, बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला घेतल्या.

मी शून्यावर लटकत होतो. सव्वीस वर्षं पार्सल ऑफिसात आणि त्यानंतर या घरात, एकदाही खोटं बोललो नाही, आणि आता तीन शहाणी माणसं मला खोटारडा ठरवून सुटकेचा श्वास टाकत होती. मित्रांनो, तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. आमच्या हुकाला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, आम्हाला ओल लागू देऊ नका, आणि काटा खोटा म्हणण्याआधी एकदा बॅग उघडून बघा. आम्ही जुनी मंडळी गंजतो, पण कुणाची लाज राखण्यासाठी खोटं सांगायला आम्हाला जमत नाही.

टिटवी तेवढी गप्प होती. टिटवी गप्प म्हणजे बघा.

आत्या म्हणाली, थांबा, बिघडलाय का ते आत्ता कळेल. तिच्या बॅगेचं नेमकं वजन तिला ठाऊक होतं, तिच्याशिवाय फक्त मला. भिंतीवरच्या साडेनऊचा तिला माझ्यापायी विसर पडला. तिने बॅग उचलली, आणि उचलतानाच तिचा हात नको इतका वर गेला. तिने ती माझ्या हुकात अडकवली.

अडीच.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं दार वर सरकवलं. आत्या सुईकडे बघत राहिली. तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, कारण तिच्या कपाळावर पार्सल ऑफिसातली ती जुनी आठी उमटली. काटा बिघडला की तो सगळ्यांसाठी सारखाच बिघडतो. तिघांचं वाढवायचं आणि एकीचं कमी करायचं, असा काटा अजून कुणी बनवलेला नाही.

तिने बॅग खाली घेतली आणि कानाशी धरून हलवली. आतून रबराची कुचकुच आली. तिने बॅगेचं तोंड सोडलं. पहिल्यांदा एक लाल फुगा बाहेर उडाला, मग पिवळा. मग उशी. मग दिव्याच्या माळेचा खोका. वायरमन छताकडे बघायला लागला, नर्सबाई नाड्यांकडे. लाल फुगा हळूहळू जमिनीवरून घरंगळत टिटवीच्या बुटाशी येऊन थांबला.

"बस चुकेल हं," वायरमन म्हणाला.

आत्या उठली. दाराचा आधार घेत ती चपलांच्या कपाटापर्यंत गेली, मागे हात घातला आणि एकेक करून बाहेर काढलं. जाड कोट. वळकटी. लोकरीची चादर. ती तिन्ही तिने फुग्यांच्या आणि उशीच्या शेजारी नीट रांगेत मांडली. नर्सबाईंचा हात तोंडावर गेला.

"काटा चांगला आहे," आत्या म्हणाली. "माझा गुडघा गेलाय. सव्वासहाच्या वर एक वाटीसुद्धा मला उचलवत नाही आता. आणि मला तुमच्याबरोबर यायचंय."